लाल झाकणाची बाटली

विली तुस्कानो दारूने गेला असं दुबईत आमच्या करामा भागात अजून सांगतात. परवा आमच्या बिल्डिंगखालच्या कॅफेटेरियात चहा पिताना एकाने मलाच ऐकवलं, की बघ, दोनच पेग घेणारेही जातात. मी त्याला म्हटलं, तुला काही माहीत नाही, गप चहा पी. विली दारूने गेला नाही. त्याला आम्ही तिघांनी घालवलं, आणि तिघंही त्याची काळजी वाहणारेच होतो. एक त्याची बायको बेटी, दुसरा बेटीचा वसईतला भाऊ एल्रॉय आणि तिसरा मी, मिथुन म्हात्रे. चौथा तो स्वतः, आणि आमच्यातला सगळ्यात मोठा शहाणा तोच होता.

आम्ही दोघं एकाच कंपनीत. मी स्टोअरकीपर, म्हणजे झाडूपासून प्रिंटरच्या शाईपर्यंत सगळं माझ्या सहीने बाहेर पडतं. विली बाराव्या मजल्यावर, जिथे डायरेक्टर लोक बसतात. त्याचं काम ऐकायला फालतू वाटेल. पाहुण्यांना गहवा द्यायचा, म्हणजे वेलची घातलेली ती फिकट अरबी कॉफी. डाव्या हातात लांब चोचीची किटली, उजव्या हातात बिनकानाचे इवलेसे कप, त्यांना फिंजान म्हणतात. कप पाव भरायचा, त्याहून जास्त नाही. पाहुण्याने कप नुसता पुढे केला तर परत ओतायचं. कप जरासा हलवून दाखवला तर समजायचं, बस, खलास. पहिला कप मात्र कोणी नाकारत नाही, तो नाकारणं म्हणजे यजमानाचा अपमान. विलीने हे काम अठरा वर्षं केलं आणि त्यात त्याची चूक काढणारा माणूस मला भेटला नाही.

त्या कामात चेहऱ्याकडे कोणी बघत नाही, सगळे हातांकडे बघतात. आणि २०१६ साली विलीला सोरायसिस झाला तो नेमका हातांवर. तळव्यांवर लाल चट्टे, त्यावर पांढरे पापुद्रे, बोटांच्या पेरांना चिरा. एका मीटिंगमध्ये एका पाहुण्याने कप घ्यायला हात पुढे केला, विलीची बोटं बघितली आणि हात मागे घेतला. बस, एवढंच झालं. विली पंधरा दिवस हातमोजे घालून फिरला, हात भाजला म्हणून सांगत होता. हा रोग स्पर्शाने पसरत नाही हे त्यालाही कळत होतं, पण बाराव्या मजल्यावर ते कोण कुणाला समजावणार? दुबईतल्या डॉक्टरकडे गेलो तर इन्शुरन्समधून एचआरला कळेल, एचआरला कळलं की किटली हातातून जाईल, असं त्याने डोक्यात घेतलं. सुट्टीत वसईला गेला आणि तिथल्या डॉक्टरला हात दाखवून आला.

त्या डॉक्टरने सगळं नीट सांगितलं होतं, हे मला आता मान्य करावं लागतं. गोळी आठवड्यातून एकदाच. रोज नाही, दोनदा नाही, एकदाच. ती घेतल्यावर दोन दिवसांनी ताकदीची एक गोळी. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, कारण ही गोळी लिव्हरवर जाते. दारू बंद. विलीने विचारलं, वार कुठला धरू? डॉक्टर वसईचेच, माणसं ओळखून होते. म्हणाले, मिस्सा झाला की घेत जा, म्हणजे विसरणार नाहीस.

वसईत मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, रविवारी. पण तेव्हा दुबईत सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारचा मिस्सा आमचे ख्रिस्ती लोक शुक्रवारीच ऐकायचे. म्हणून विलीची गोळी शुक्रवारची ठरली. चर्चहून आले की बेटी जेवणाआधी बशीत गोळी काढून त्याच्यापुढे ठेवायची. रविवारी ऑफिसला निघताना ताकदीची गोळी तो आपल्या हाताने घ्यायचा. शुक्रवारची जबाबदारी बेटीची, रविवारची त्याची, अशी वाटणी झाली आणि दोघांनाही ती फार पसंत पडली. तीन महिन्यांत हात स्वच्छ झाले.

गोळ्या एल्रॉय पाठवायचा. चिठ्ठी त्याच्याकडे, केमिस्ट ओळखीचा, त्याच एका चिठ्ठीवर तो वर्षानुवर्षं गोळ्या देत राहिला. एल्रॉयला कोणीतरी सांगितलं होतं की इकडच्या एअरपोर्टवर औषधांची पाकिटं पकडतात. चिठ्ठी सोबत दिली असती तर कदाचित कोणी विचारलंही नसतं, पण विचारायची तसदी घेतो कोण. त्याने गोळ्या पाकिटांतून सोलून काढल्या आणि व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटल्यांत भरल्या. लाल झाकणाच्या बाटलीत हातांची गोळी, पांढऱ्या झाकणाच्या बाटलीत ताकदीची. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही बारीक. पाकिटावरची सूचना, आतला कागद, सगळं वसईच्या कचऱ्यात गेलं. आणि बाटल्या मी आणायचो, वर्षातून दोनदा घरी जातो म्हणून. माझ्या बॅगेत लोणचं, पापड, सुकट आणि विलीचं लिव्हर असायचं.

रक्ताचं म्हणाल तर पहिल्या दोन सुट्ट्यांत तपासलं. नंतर सुट्टी लहान पडू लागली. इथे एकदा लॅबमध्ये भाव विचारला तर साडेतीनशे दिरहाम. विली मोठ्याने म्हणाला, म्हणजे सात हजार रुपये, एका सुईचे? आणि आम्ही दोघं हसत बाहेर पडलो. शनिवारचे दोन पेगही चालू राहिले. पण तेवढ्याने त्याचं इतक्या लवकर काही झालं नसतं, असं पुढे डॉक्टरनेच सांगितलं.

मग आलं २०२२. जानेवारीपासून आमची सुट्टी बदलली, शनिवार-रविवार झाली. विली आणि बेटी मिस्साला रविवारी जाऊ लागले. विलीच्या डोक्यात पक्कं होतं, गोळी मिस्सानंतर. त्याने ती रविवारी हलवली. रविवारी चर्चहून आला की लाल झाकण उघडून एक गोळी तोंडात टाकायचा. बेटीच्या डोक्यात तितकंच पक्कं होतं, गोळी शुक्रवारची. ती शुक्रवारी संध्याकाळी, तो ऑफिसातून आला की चहाबरोबर बशीत गोळी ठेवायची, लाल झाकणातलीच. त्याला वाटायचं, ही शुक्रवारची आता ताकदीची झाली. तिला वाटायचं, तो रविवारी घेतो ती ताकदीची, नेहमीसारखी. एकमेकांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण बावीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोला वाटतं की आता बोलायचं काही उरलं नाही. तीन वर्षं तो आठवड्यात दोन-दोन विषारी गोळ्या खात होता आणि दोघंही दर आठवड्याला समाधानाने झोपत होते.

हात मात्र असे सुंदर झाले, की आमचा एचआर मॅनेजर उपेंद्र एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, विलीचे हात बघा, सर्जनचे वाटतात. विलीने आठवडाभर ते वाक्य मिरवलं. तोंडात फोड यायचे, त्याचा दोष त्याने गरम कॉफीला दिला. केस गळायचे, ते दुबईच्या पाण्यामुळे. थकवा यायचा, ते वय. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे कारण तयार असायचं.

आता माझं सांगतो. एका बाटलीत पन्नास गोळ्या, म्हणजे जवळजवळ वर्षभराची बेगमी. २०२२ पासून लाल बाटली सहा महिन्यांत संपू लागली आणि पांढरी संपेचना. बेटी मला म्हणायची, लालच आण, पांढरी राहू दे, एल्रॉय लाल बाटलीत कमी भरतो मेला. एल्रॉयला विचारलं तर तो भडकला, मी मोजून पन्नास भरतो म्हणाला. मग हळूच त्याने बेटीला फोनवर सांगितलं की मिथुनच वाटेत काढत असेल, तिकडे विकत असेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी, अठरा वर्षं स्टोअर सांभाळणारा माणूस, पन्नास गोळ्या चोरणार? पुढच्या खेपेला मी एल्रॉयला समोर बसवून गोळ्या मोजायला लावल्या, बाटलीला चिकटपट्टी लावली, वर त्याची सही घेतली आणि बेटीच्या हातात देऊन तिच्याकडून मोजून घेतल्या. बरोबर पन्नास. ती ओशाळली, मला सुरमई खाऊ घातली.

ती बाटलीही सहा महिन्यांत संपली. या वेळी बेटी काही बोलली नाही, कारण बोलायला तोंड नव्हतं. एल्रॉयने मुकाट भरून दिली. आणि मी, ज्याला कॉफीचं एक पाकीट चार दिवस आधी संपलं तरी कळतं, मी त्या बाटलीचा हिशोब एकदाही मनाशी केला नाही. मी चोर नाही हे सिद्ध झालं होतं, मला तेवढंच हवं होतं. माझी इज्जत राहिली, विलीचं लिव्हर गेलं.

२०२४च्या शेवटी त्याचे पाय सुजले, डोळे पिवळे दिसायला लागले. बेटी त्याला क्लिनिकमध्ये घेऊन गेली. डॉक्टरने विचारलं, दारू घेता? विलीने तोंड उघडायच्या आत बेटीने सांगितलं, घेतो. डॉक्टरने विचारलं, काही औषधं? विली म्हणाला, फक्त व्हिटॅमिन. एचआरची भीती त्याच्या मनातून गेलीच नव्हती. बेटी शेजारी बसून गप्प राहिली, कारण ठरलंच होतं तसं. झालं, दारूचं लिव्हर म्हणून कागदावर आलं.

पुढचे तीन महिने त्या घरात त्याचे जे हाल झाले ते कुत्र्याचे होऊ नयेत. बेटीने दारूची बाटली सिंकमध्ये ओतली. क्रॉससमोर उभं करून त्याच्याकडून शपथ घेतली. एकोणीस वर्षांची त्यांची ॲमंडा, कॉलेजला जाणारी, ती बापाशी बोलेनाशी झाली. मीसुद्धा त्याला टोमणे मारले, खोटं कशाला सांगू. त्याने दारू खरंच सोडली, थेंबाला शिवला नाही. तरी पोट फुगत गेलं, म्हणजे हा चोरून पितो असं ठरलं. बेटी त्याचं तोंड हुंगायची. आणि शुक्रवारी बशी चुकवायची नाही. मी समोर होतो तेव्हा म्हणाली, दारूने आतली वाट लावलीस, निदान हात तरी नीट राहू दे. तो बिचारा रविवारची न चुकता घेत होताच.

फेब्रुवारीत त्याच्या पोटात पाणी भरलं आणि हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथे डॉक्टर यम्ना म्हणून एक बाई होत्या, अरब, कमी बोलणाऱ्या. त्यांना दारूची गोष्ट पटेना. रक्तातल्या पेशी इतक्या खाली का, तोंडात फोड का, असं त्या विचारत राहिल्या. शेवटी बेटीला म्हणाल्या, घरातलं सगळं औषध उद्या माझ्यासमोर आणा, व्हिटॅमिनसुद्धा. दुसऱ्या दिवशी मी बेटीला गाडीतून घेऊन गेलो. तिने पिशवीतून दोन बाटल्या काढून पलंगावर ठेवल्या. लाल जवळजवळ रिकामी, पांढरी गच्च भरलेली. ॲमंडा पायथ्याशी फोन घेऊन बसली होती. लाल बाटलीत काय आहे, हे आता लपवण्यात अर्थ नव्हता. विलीने नाव सांगितलं, मेथोट्रेक्सेट. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कुठली कधी घेता?

दोघांनी एकदमच उत्तर दिलं, शाळेत पाठ म्हणतात तसं. बेटी म्हणाली, रेड फ्रायडेला, व्हाइट संडेला. विली म्हणाला, रेड संडेला, व्हाइट फ्रायडेला.

डॉक्टरांनी परत विचारलं नाही. त्यांनी पांढरी बाटली उचलली, हलवून बघितली आणि ठेवली. बेटी विलीकडे वळली.

"मी तुला दर शुक्रवारी बशीत दिली," ती म्हणाली. "लालच दिली. तू खाल्लीस माझ्यासमोर."

"मला वाटलं ती ताकदीची."

"तू विचारलं का नाहीस?"

"तू सांगितलं का नाहीस?"

ॲमंडाने फोनवरून मान वर केली. "यू गाइज नेव्हर टॉक," ती म्हणाली. "ट्वेंटी इयर्स, ॲन्ड यू जस्ट नेव्हर टॉक." मग तिने बापाच्या पायावर हात ठेवला आणि रडायला लागली, कारण तीन महिने ती त्याच्याशी बोलली नव्हती. मी त्या बाटलीकडे बघत होतो. झाकणाखाली चिकटपट्टीचा तुकडा अजून होता, त्यावर एल्रॉयची अर्धी सही. मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि गाडी काढतो म्हणून मी खरोखरच पळालो.

डॉक्टर यम्नांनी सरळ सांगितलं. लिव्हर आतून दगडासारखं झालं आहे, ते परत मऊ होत नाही. गोळी आजपासून बंद. उपाय एकच, दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा, तोही इंडियात जाऊन, आणि तोवर टिकला तर. बेटीला डायबेटिस, ती बाद. ॲमंडाचा रक्तगट जुळेना. एल्रॉयचा जुळत होता. त्याने सुरुवातीला फोनवर रडून घेतलं, मग मुलं लहान आहेत म्हणाला, मग फोन उचलणं बंद केलं. पन्नास-पन्नास गोळ्या मोजून भरणारा माणूस. मला त्याचा राग येतो, पण माझा रक्तगट कुठला हे मीही कुणाला सांगितलं नाही.

गोळी बंद झाल्यावर तीन आठवड्यांत हातांनी सूड घेतला. आधी होते त्याच्या दुप्पट चट्टे आले, बोटं मिटता येईनात. पिवळा चेहरा, फुगलेलं पोट आणि ते हात. पण त्याहून वाईट होतं ते घरात. विलीने बेटीच्या हातचं घेणं सोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. तिने पाणी आणलं की तो भिंतीकडे बघायचा. ॲमंडा कॉलेजातून येईपर्यंत तहानलेला राहायचा. एकदा मी त्याला म्हटलं, विली, ती काय मुद्दाम करत होती का? तो म्हणाला, "मला माहीत आहे रे. पण तिने बशी पुढे केली की माझं तोंडच उघडत नाही." बेटी आतल्या खोलीत हे ऐकत होती. त्याच्यावर दारूचा आळ घेतला त्याबद्दल तरी तिने माफी मागायला हवी होती, पण ती मानी बाई. आणि त्याने तरी एक घोट पाणी घ्यायला हवं होतं, पण तो दुखावलेला माणूस. जायच्या दारात उभा असूनही त्याने तेवढं मोठं मन केलं नाही.

मे महिन्यात त्याला वसईला न्यायचं ठरलं. ऑगस्टमध्ये तो तिथेच वारला. शेवटचा आठवडा तो शुद्धीवर नव्हता, तेव्हा बेटीने त्याला चमच्याने पाणी पाजलं, असं ॲमंडाने मला फोनवर सांगितलं. शुद्धीवर असता तर प्यायला नसता.

पण मला त्याचं जाणं आठवत नाही, मला आठवतो तो त्याचा सेंड-ऑफ. उपेंद्रने बाराव्या मजल्यावर ठेवला होता. माणूस वाईट नाही, अल बर्शातल्या आपल्या घरून केक घेऊन आला होता. सकाळी त्याचा मला फोन आला, मिथुन, पेपर कपचं एक पाकीट वर पाठव, जस्ट इन केस. बाराव्या मजल्यावर पेपर कप कधी जात नाहीत. अठरा वर्षांत एकही गेला नव्हता. मला लगेच कळलं कुणासाठी ते. मी सही केली आणि पाठवलं.

विली खुर्चीवर बसला होता, बाह्या बोटांपर्यंत ओढून. शेजारी बेटी, पलीकडे ॲमंडा. किटली आता बाबाजीच्या हातात होती, ओडिशाचा, विलीनेच दोन वर्षं शिकवून तयार केलेला. विली उठायला लागला, म्हणाला, सर, एक राउंड मी देतो, शेवटचा. उपेंद्रने त्याच्या खांद्याला हात न लावता हवेतच थांबवलं. म्हणाला, नो नो, आज तू गेस्ट आहेस, बस. मग त्याने स्वतःच्या हाताने विलीला पेपर कप आणून दिला. "फिंजान निसटतो हातातून," तो म्हणाला, "हा धरायला सोपा."

बाबाजीने सगळ्यांना फिंजान दिले, पाव-पाव ओतलं. माझ्याही हातात फिंजान होता. बेटीच्याही. विलीने आपल्या हातातल्या पेपर कपाकडे बघितलं, मग सगळ्यांच्या हातांकडे बघितलं, एकेक करून. अठरा वर्षं त्याने हेच केलं होतं, कुणाचा कप रिकामा आहे ते बघणं.

बेटीने तेव्हा आपला फिंजान त्याच्यापुढे धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी हळू आवाजात बोलली. "माझा घे," ती म्हणाली. "मी तो घेते. दे इकडे."

विलीने तिच्या हाताकडे पाहिलं नाही. तेवढ्यात बाबाजी किटली घेऊन त्याच्यासमोर येऊन थांबला, डावा हात उचललेला, शिकवला होता अगदी तसाच. विलीने तो रिकामा पेपर कप त्याच्यापुढे धरला आणि हलवला, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. त्यात अजून एक थेंबही पडला नव्हता. बाबाजीला खूण कळली. तो पुढच्या माणसाकडे गेला, आणि बेटीचा हात तसाच पुढे राहिला.